धावड्याचा डिंक व पेयांतील तेल

संत्र्याच्या सालीचें सुगंधी तेल सरबतांत टाकून ढवळलें तर तें क्षणभर मिसळल्यासारखें दिसतें; पण थोड्याच वेळांत वर येऊन बाटलीच्या गळ्याशीं कडें धरतें. तेल पाण्याहून हलकें, आणि साखरेचें पाणी तर नुसत्या पाण्याहूनही जड. महिनोन्महिने बाटलींत राहणाऱ्या पेयांत हा दोष चालत नाहीं, म्हणून कारखानदार डिंक वापरतात. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब डिंकाच्या पाण्यांत घोटले म्हणजे प्रत्येक थेंबाभोंवतीं डिंकाचें पातळ कवच बसतें. डिंकांतील थोडेंसें प्रथिन तेलास धरून राहतें, त्यास जोडलेल्या शर्करेच्या लांब साखळ्या पाण्यांत पसरतात, आणि थेंब एकमेकांस मिळत नाहींत.

या कामीं जगभर मुख्यत्वें सुदानांतील हशाब वृक्षाचा डिंक चालतो. एप्रिल १९९० च्या पूर्वींही तेथें दुष्काळानें माल तुटे. एप्रिल २०२३ मध्यें यादवी युद्ध पेटल्यावर तर व्यापारास मोठाच धक्का बसला. परंतु आमच्या डोंगराळ भागांतील धावड्याचा डिंकही हेंच काम करतो, आणि तितक्याच तेलास हशाबापेक्षां कमी लागतो. घाट उतरून बंदरावर येणारा म्हणून परदेशीं त्यास ‘घट्टी’ हें नांव पडलें. अमेरिकेच्या नियमांत पेयांमध्यें तो शेंकडा ०.२ पर्यंत घालण्यास मुभा आहे. त्याचा कांहीं अंश न विरघळतां नुसता फुगतो, म्हणून गाळून घ्यावा लागतो, एवढें त्याचें न्यून.

आमच्या शेतकऱ्यांस धावडा ठाऊक आहे तो कुऱ्हाडीच्या दांड्यासाठीं, गाडीच्या आंसासाठीं आणि डिंकाच्या लाडवांसाठीं. सात-बाराच्या उताऱ्यांत आम्हीं तो क्वचितच नोंदलेला पाहिला. बांधावरचें झाड एका दांड्यासाठीं तोडण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. वनांतील डिंक गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें तेथील वननिवासींचा आहे. आम्ही बोलतों तें केवळ मालकीच्या झाडांविषयीं.

उन्हाळ्यांत, वळवापूर्वीं, डिंक वेंचावा. सालीस घाव घालावयाचा तर हलका. खोल घावानें डिंक एकदां पुष्कळ येतो खरा, पण झाड खंगतें. खडे कांहीं दिवस उन्हांत वाळवून साल, माती काढावी व फिकट आणि काळसर असे निराळे ठेवावेत. फिकटास भाव अधिक.

मात्र त्यांत बाभळीचा डिंक मिसळूं नये. वजन वाढविण्याचा हा मोह बाजारांत सर्रास दिसतो, व लाडवांत तो पचूनही जातो. प्रयोगशाळेंत पचत नाहीं. धावड्याच्या डिंकाचें पाणी विशिष्ट प्रकाशकिरणाची पातळी डावीकडे वळवितें, बाभळीचें उजवीकडे. भेसळ तेवढ्यानेंच उघडी पडते. मग एका पोत्यापायीं साऱ्या गांवचा माल परत येतो, आणि पुढील वर्षीं व्यापारी त्या वाटेस फिरकत नाहीं.