कलेक्ट : सगळ्यांची मिळून एक प्रार्थना

आजचा शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ४:२३-३१



अँग्लिकन परंपरेच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गेलेल्या तरुणांचा एक प्रश्न हमखास असतो : "इथे तर सगळं पुस्तकातून वाचतात. छापील प्रार्थना मनापासून कशी होणार?" प्रश्न योग्य आहे. ओठ चालू आणि मन भलतीकडे, असं कुणाचंही होऊ शकतं. म्हणून आज त्या उपासनेतला एकच शब्द समजून घेऊ या : 'कलेक्ट'.

हा शब्द लॅटिन 'कोलेक्टा'वरून आला. त्याचा अर्थ गोळा करणं, एकत्र आणणं. चर्चमधल्या वर्गणीशी त्याचा संबंध नाही. उपासनेच्या सुरुवातीला पाळक म्हणतात, आपण प्रार्थना करू या. आजच्या अनेक उपासनाक्रमांत त्यानंतर थोडी शांतता असते. त्या शांततेत कुणी नोकरीसाठी, कुणी आजारी आईसाठी देवाला हाक मारत असतो. मग पाळक एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि सगळ्यांच्या हाका जणू एका ओंजळीत घेऊन देवापुढे ठेवतात. ती प्रार्थना म्हणजे कलेक्ट.

तिची घडण साधी असते. आधी देवाला हाक. मग तो कसा आहे, याची आठवण. मग एकच मागणी. ती कशासाठी, हे त्यानंतर. आणि शेवटी, येशू ख्रिस्ताच्या द्वारे. प्रत्येक कलेक्टमध्ये पाचही भाग असतीलच असं नाही, पण साचा हाच.

आता आजचा शास्त्रभाग उघडा. पेत्र आणि योहान सुटून आले आहेत, पण धमकी अजून डोक्यावर आहे. विश्वासणारे काय करतात? एकचित्ताने देवाला हाक मारतात. तो आकाश, पृथ्वी आणि समुद्राचा निर्माणकर्ता आहे, हे आधी बोलतात. दाविदाच्या दुसऱ्या स्तोत्रातले शब्द आपल्या प्रार्थनेत घेतात. मग मागतात. काय मागतात पाहा : सुटका नाही, तर वचन सांगायचं धैर्य! आणि शेवटी येशूचं नाव. कलेक्टचा साचा इथे जवळजवळ जसाच्या तसा दिसतो. जुने शब्द वापरले म्हणून त्यांची प्रार्थना थंड पडली का? वचन ३१ सांगतं, ती जागा हादरली.

मग मत्तय ६:७ चं काय? तिथे प्रभू निरर्थक बडबडीबद्दल इशारा देतो. पण पुढच्या दोनच वचनांनंतर, ६:९ मध्ये, तोच प्रभू शिष्यांना ठरलेल्या शब्दांची प्रार्थना शिकवतो. म्हणजे शब्द पाठ असणं हा दोष नव्हे. मन नसणं हा दोष, आणि तो उत्स्फूर्त प्रार्थनेतही शिरू शकतो.

या परंपरेचं मूळ पुस्तक म्हणजे 'बुक ऑफ कॉमन प्रेयर'. इथे 'कॉमन' म्हणजे किरकोळ नव्हे, तर सर्वांची मिळून. इंग्लंडमध्ये कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांच्या पुढाकाराने ते १५४९ साली तयार झालं आणि त्या वर्षीच्या पेंटेकॉस्टपासून, ९ जूनपासून, चर्चमध्ये लागू झालं. त्याआधी उपासना मुख्यतः लॅटिनमध्ये चालायची. अंतःकरणाच्या शुद्धीची एक प्रार्थना तर पाळक उपासनेच्या तयारीत, झगा घालताना, लॅटिनमध्ये एकटेच म्हणत. क्रॅन्मर यांनी ती इंग्रजीत आणली आणि प्रभुभोजनाच्या उपासनेच्या सुरुवातीला, सगळ्यांना ऐकू येईल अशी ठेवली. पाळकांची खासगी प्रार्थना आता मंडळीची झाली. तिचा आशय आपल्या ओळखीचा आहे : देवापुढे कुठलंही मन झाकलेलं नाही, म्हणून त्याच्या आत्म्यानेच आमचे विचार शुद्ध करावेत. स्तोत्र १३९ आणि ५१ वाचा, तीच हाक ऐकू येईल.

ही परंपरा आपल्याकडेही आहे. मुंबईच्या फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च १७१८ साली उपासनेसाठी खुलं झालं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा अँग्लिकन मंडळ्या इतर मंडळ्यांबरोबर त्यात एक झाल्या.

पण मुद्दा इतिहासाचा नाही, तुमचा-माझा आहे. काही दिवस असे येतात की प्रार्थनेला बसलो तरी शब्दच सुचत नाहीत. निकाल लागलेला असतो, नातं तुटलेलं असतं, किंवा नुसतंच रिकामं वाटत असतं. "आतून येत नाही, म्हणजे माझा विश्वासच संपला," असं आपण ठरवून टाकतो. अशा दिवशी मंडळीचे शब्द उसने घ्यायला हरकत नाही. प्रभूनेही वधस्तंभावर स्तोत्र २२ आणि ३१ मधल्या शब्दांत पित्याला हाक मारली. तुम्हाला स्वतःची वाक्यं जुळवता आली नाहीत तरी चालेल. पाळकांच्या प्रार्थनेला 'आमेन' म्हणा. आमेन म्हणजे 'असंच होवो, हे खरं आहे'. त्या एका शब्दाने ती प्रार्थना तुमचीही होते. मात्र ऐकून, समजून म्हणा. १ करिंथ १४:१६ मध्ये पौलाचा आग्रह तोच आहे.

आज करून पाहा : लोकलमध्ये किंवा झोपण्याआधी, वरच्या पाच भागांत स्वतःची एक कलेक्ट लिहा. मागणी एकच ठेवा. शेवटी 'मी' काढून 'आम्ही' लिहा. तुमच्यासारखंच ओझं वाहणारं कोण कोण आठवतं, ते पाहा.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, न बोललेली हाकही तुला ऐकू येते. आमची विखुरलेली मनं एकत्र आण, म्हणजे आम्ही एकमेकांची ओझी तुझ्यापुढे आणू. प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे. आमेन.