दवाखाना किती दूर?

शाळेत भूगोल शिकविताना आपण अंतर किलोमीटरांत मोजतो. आजाऱ्याच्या बाबतीत मात्र हे माप पुरे पडत नाही. नकाशावर दवाखाना पाच कोसांवर दिसतो. पण ओढ्याला पूर आला, घरातील कर्ता माणूस परगावी असला किंवा हाती पैसा नसला, म्हणजे तोच दवाखाना पन्नास कोस लांब जातो. हे खरे अंतर कशाचे बनलेले असते व ते कसे कमी करता येते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ग्रामीण आरोग्याची आपल्या देशातील आखणी मुळात चांगली आहे. भोर समितीने १९४६ साली आपल्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. सपाट प्रदेशात ३०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र व ५,००० वस्तीला एक उपकेंद्र, आणि डोंगराळ वा आदिवासी भागात अनुक्रमे २०,००० व ३,००० वस्तीला एक, असे प्रमाण पुढे ठरले. तरीही २०२० सालच्या सरकारी नमुना नोंदणीनुसार, जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी वर्षाच्या आत दगावणारी शहरांत १९, तर खेड्यांत ३१ होती. गुन्हा एवढाच, की ती खेड्यात जन्मली.

असे का व्हावे? थॅडियस व मेन या दोन अभ्यासिकांनी १९९४ साली बाळंतिणींच्या मृत्यूंचा विचार करताना तीन विलंब सांगितले. ते कोणत्याही तातडीच्या आजाराला लागू पडतात.

पहिला विलंब घरातला. आजार गंभीर आहे हे ओळखणे व निघण्याचा निर्णय घेणे यांत वेळ जातो. सुनेला त्रास होत असतो, सासू म्हणते, "सकाळपर्यंत पाहू." खर्चाची धास्ती असते आणि दवाखान्याचे भयही असते.

दुसरा विलंब वाटेवरचा. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग डोळ्यांपुढे आणावा. भीमगडच्या अरण्यातील वस्त्यांतून पावसाळ्यात आजाऱ्याला डोलीत घालून, चिखल तुडवीत रस्त्यापर्यंत आणावे लागते. १०८ क्रमांकाची गाडी रस्ता असेल तेथवरच येणार!

तिसरा विलंब दवाखान्याच्या दारातला. रोगी पोहोचतो, परंतु डॉक्टर नसतो, रक्त नसते, किंवा "पुढे न्या" असे सांगितले जाते.

यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या विलंबाला रस्ते, पूल, डॉक्टर व औषधे हवीत. ती मागण्याचा आपणांस अधिकार आहे व ती मागितलीच पाहिजेत. पण पहिला विलंब गावातच मोडता येतो. याचे उत्तम उदाहरण गडचिरोली जिल्ह्याने घालून दिले आहे.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था स्थापून १९८६ साली तेथे काम आरंभिले. लोकांना मोठ्या इमारतीचे भय वाटते हे जाणून त्यांनी शोधग्राम येथील रुग्णालय आदिवासी पाड्यासारखे झोपड्यांचे बांधले व त्यास लोकांच्या दंतेश्वरी देवीचे नाव दिले. लहान मुलांचा न्यूमोनिया श्वासाच्या वेगावरून ओळखता येतो. दोन महिन्यांखालील बालकाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक झाले, तर तो धोका समजावा. पण सुइणींना इतके आकडे मोजता येत नसत. म्हणून मणी सरकवून श्वास मोजण्याचे एक साधन तयार केले गेले. शिक्षकाने हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावे. विद्यार्थ्याला येत नाही म्हणून धडा गाळावयाचा नसतो. धडा त्याच्या हाती येईल असा करावयाचा असतो.

पुढे ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, ही कामे त्या घरी जाऊन करू लागल्या. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ होते, ते काही वर्षांत सुमारे २५ वर आले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०११ पासून भारत सरकारने आशा सेविकांमार्फत नवजात बालकांची अशी गृहभेट देशभर सुरू केली.

या यशाचे मर्म काय? आजाऱ्याच्या बोलीत बोलणारी, रात्री हाक मारता येईल अशी, शिकलेली बाई गावातच होती. गावापासून दवाखाना तेवढाच दूर राहिला, पण ज्ञान मात्र उंबरठ्याशी आले.

यावरून आपणांस तीन गोष्टी करता येतील. प्रत्येक घराने धोक्याची चिन्हे पाठ करावीत : बाळ अंगावर पीत नाही, अंग थंड वा तापलेले लागते, श्वास जलद चालतो, बाळ मलूल पडते, गरोदर स्त्रीला रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी वा डोळ्यांपुढे अंधारी. यांपैकी एकही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. दुसरे, पावसाळ्यापूर्वी गावातील गरोदर स्त्रियांची यादी करून कोणाची गाडी, कोणाचे रक्त व किती पैसे, हे आधीच ठरवावे. दिवस भरत आलेल्या स्त्रीस रस्त्याजवळच्या नातलगाकडे आणून ठेवावे. तिसरे, आपल्यासारख्या धर्मादाय संस्थांनी दूरच्या वाड्यांतील मुलींना परिचारिकेच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यावी. त्यात जातपात वा धर्म पाहू नये. ताप येताना तो काही पाहत नाही.

महोत्सवी वर्षात एखादी वास्तू उभारावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एक मुलगी शिकून आपल्या गावी परतली, तर त्या गावापुरता दवाखाना जवळ आला असे समजावे. संस्थेच्या पुढील वर्षांच्या हिशेबात अशा मुलींची संख्या लिहिली जावो, एवढीच इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.