शुक्रवारी सायकल दुकानात नेऊ नका

शनिवारी पहाटे ब्रेव्हे असेल, तर शुक्रवारी सायकल दुकानात नेऊ नका. ओव्हरहॉलिंग, नवी साखळी, नवे ब्रेक पॅड, जे काही करायचं ते दोन आठवडे आधी करून घ्या. मग त्या सायकलवर दोन-तीन लांब राइड मारा, त्यातली एक तरी घाटातली. ब्रेव्हेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. व्यायाम, आहार वगैरे नंतर.

ब्रेव्हे म्हणजे लांब पल्ल्याची सायकल राइड, शर्यत नव्हे. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात कापायचं असतं आणि आपली गाडी मागे ठेवून वाटेत मदत घेता येत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. एका हंगामात चारही पूर्ण केल्या की ‘सुपर रँडोनर’ म्हणवून घेता येतं. दर चार वर्षांनी होणाऱ्या १२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जायचं तर याच पायऱ्या चढाव्या लागतात.

साडेतेरा तास ऐकून नवख्यांना वेगाची धास्ती वाटते. जरा हिशोब करा. ताशी २२ च्या सरासरीने चालवलं तर २०० किलोमीटरला नऊ तास आणि वर थोडी मिनिटं लागतात. चार तासांहून जास्त वेळ हातात उरतो. तो जातो कुठे? चहात, नाश्त्यात, पंक्चरमध्ये आणि वाटेत काही तुटलं तर ते जुळवण्यात. माझ्या पाहण्यात वेळेत न पोचलेल्यांपैकी बहुतेकांच्या पायात ताकद होती. त्यांचा घात सायकलने केला.

माझाही तसाच झाला. काही वर्षांपूर्वी पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या २०० च्या ब्रेव्हेत मी होते. आदल्या संध्याकाळी सायकल दुकानातून घरी आली. साखळी झिजली होती म्हणून दुकानदाराने नवी घातली. स्टँडवर चाक फिरवून एकूण एक गिअर टाकून दाखवला, कुठेही खटका नाही. पहाटे कात्रज ओलांडून खाली उतरतानाही काही जाणवलं नाही. शिरवळ मागे पडलं, खंडाळ्याच्या अलीकडे एक साधासा चढ आला. पुढच्या खंबाटकी घाटासाठी पाय मोकळे करावेत म्हणून मी उभी राहून जोर लावला आणि साखळी मागच्या चक्राच्या दातांवरून सटकली. पेडल एकदम रिकामं फिरलं, हँडल वाकडं झालं, उजवा गुडघा डांबरावर आपटला. त्या क्षणी मागून ट्रक येत नव्हता. उठून पुन्हा चालवायला घेतली, पण जोर लावला की साखळी सटकायचीच. ब्रेव्हे तिथेच संपली. गुडघ्याने पुढचे काही महिने घेतले.

कारण साधं आहे आणि प्रत्येक सायकलस्वाराला ते ठाऊक असायला हवं. साखळी ‘लांबते’ म्हणतात ती ताणून लांबत नाही. तिच्या पिना आतून झिजतात, त्यामुळे दोन पिनांमधलं अंतर केसागणिक वाढत जातं. त्या वाढलेल्या अंतराप्रमाणे मागच्या दातेरी चक्रांचे, म्हणजे कॅसेटचे, दातही झिजतात. झिजकी साखळी आणि झिजकं कॅसेट एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून वर्षभर काही कळत नाही. नवी साखळी आली की तिचं माप त्या दातांशी जुळत नाही. जोर आला की ती दातावर चढते आणि उडी मारते. आपण सर्वांत जास्त वापरतो त्या मधल्या गिअरवर हे आधी होतं. स्टँडवर मात्र चाकावर भारच नसतो. हाताने पेडल फिरवून सगळं ठीकच दिसणार.

मोजायला महागडं हत्यार लागत नाही. इंचाची स्टीलची पट्टी घ्या. साखळी ताणलेली ठेवून पट्टीचं शून्य एका पिनच्या मध्यावर धरा आणि बारा इंचांवर बघा. साखळी नवी असेल तर तिथे बरोबर पिनचाच मध्य येतो. पिन एक-सोळांश इंच पुढे सरकलेली दिसली तर साखळी बदलायची वेळ झाली. कॅसेट बहुधा वाचलेलं असतं. एक-अष्टमांश इंच सरकली असेल तर कॅसेटही गेलं असं धरून चाला आणि दोन्ही एकदमच बदला. अकरा-बारा गिअरच्या कॅसेटला तर पहिल्या खुणेच्याही पुढे जाऊ देऊ नये. साखळी वेळेवर बदलली की तिच्याहून कितीतरी महाग कॅसेट वाचतं. नव्या साखळीनंतर रस्त्यावर, जड गिअरवर, चढावर जोर लावून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नका.

हेच बाकीच्या नव्या भागांचं. गिअरची केबल नवी असते तेव्हा तिचं वेष्टण पहिल्या काही राइडमध्ये बसतं आणि गिअर थोडे चुकायला लागतात. पुन्हा एकदा जुळवून घ्यावे लागतात. डिस्क ब्रेकचे नवे पॅड लगेच धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक लॉक न करता, पंधरा-वीस वेळा ब्रेक दाबून ते बसवावे लागतात. सीट अर्धा सेंटिमीटर वर-खाली झाली तरी दीडशे किलोमीटरनंतर गुडघा बोलायला लागतो. बुटाखालच्या क्लीटचंही तेच. म्हणून शेवटचे दोन आठवडे सायकल फक्त पुसायची, साखळीला तेल घालून वरचं फडक्याने टिपून घ्यायचं आणि नटबोल्ट तपासायचे. तेलाचा स्प्रे डिस्कच्या आसपास मारू नका. एक थेंब उडाला तरी ब्रेक किंचाळतात आणि पकड जाते.

ब्रेव्हे सुटण्याआधी सायकल तपासायला आता मी स्वतः उभी राहते. दिवे, हेल्मेट, परावर्तक जॅकेट बघणं हे नियमाचं काम. पण मी प्रत्येकाला सीटखालची पिशवीही उघडायला लावते. एका तरुणाची सायकल पाहून डोळे निवले होते. उंच कडांची कार्बन रिम, सगळं चकाचक. पिशवीत दोन ट्यूब, त्याही कोऱ्या. त्यातली एक बाहेर काढून तिचा व्हॉल्व्ह रिमला लावून पाहिला, तर तो रिमच्या बाहेर जेमतेम नखाएवढा आला. पंपाचं तोंड त्याला लागणंच शक्य नव्हतं. दोन्ही ट्यूब त्याच मापाच्या. त्याने शंभर किलोमीटरवर पंक्चर काढायला घेतलं असतं आणि तिथेच अडकला असता. एकाने आपली लांब व्हॉल्व्हची ट्यूब त्याला दिली.

तेव्हा घरी बसून एकदा स्वतःच्या हाताने चाक काढा, पिशवीतलीच ट्यूब घाला, पिशवीतल्याच पंपाने हवा भरा. पंक्चरच्या सोल्युशनची नळी एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत सुकते, तीही दाबून बघा. बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळी अ‍ॅडाप्टर जवळ ठेवा. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटारीच्या व्हॉल्व्हचा असतो, अ‍ॅडाप्टर असला तरच तो तुमच्या कामाचा.

हायवेवर पंक्चर होतं ते बहुतेकदा खिळ्याने नाही, तारेने. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून निघालेल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा कडेच्या पट्ट्यात पसरलेल्या असतात, आणि आपण तिथूनच जातो. आतल्या रस्त्यांवर बाभळीचा काटा. घाईत ट्यूब बदलून निघालात, तर टायरमध्ये राहिलेली तीच तार पाच किलोमीटरवर नव्या ट्यूबलाही भोसकते. टायर बसवताना त्याच्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर आणून ठेवा. मग ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून मोजून टायरमध्ये नेमकं कुठे शोधायचं ते कळतं. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा, जिथे धागे अडकतील तिथे तार आहे. बोट फिरवू नका, कापतं. हवा भरण्याआधी सगळीकडून टायर दाबून ट्यूब कुठे चिमटली नाही ना ते पाहा.

उताराबद्दल एवढंच: पसरणीसारख्या घाटात पाचगणीहून वाईकडे उतरताना ब्रेक सतत घासत ठेवू नका. रिम ब्रेक असतील तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबा, वेग पुरता उतरवा, वळणात सोडून द्या. पावसाळ्यानंतर ब्रेक शूमध्ये रुतलेली खडी आणि अ‍ॅल्युमिनियमचे कण सुईने टोकरून काढा, नाहीतर रिम खरवडली जाते.

खाण्यापिण्याचाही नियम तोच, त्या दिवशी नवं काही नाही. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण २५ असतात. केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, गुळाची पोळी पोटाला मानवते का हे सरावातच पाहून घ्या. भूक लागायची वाट बघू नका. ओआरएसचं लिटरचं पाकीट पाऊण लिटरच्या बाटलीत रिकामं करू नका. ते पूर्ण एक लिटर पाण्यासाठीच असतं. झोप आदल्या रात्री नीट लागत नाही, म्हणून त्याच्या आदल्या रात्री पुरेशी घ्या.

आणि पहाटे स्टार्टला उभं असताना साखळी, ब्रेक किंवा चाक याबद्दल मनात जरा जरी शंका असेल, तर निघू नका. पैसे भरलेत, मित्र थांबलेत, आईबाबा उठून डबा देऊन बसलेत, तरीही नाही. हंगामात पुन्हा २०० ची ब्रेव्हे असते. दुकानदाराकडे नवी साखळी घालायला जाल तेव्हा त्याला एवढंच विचारा: कॅसेट पाहिलंत का? तो नाही म्हणाला तर सायकल तिथेच ठेवा आणि तो ते मोजेपर्यंत समोर उभे राहा.