छापखाना गेला, हॉल राहिला

आमच्या सानगडीला पेपर नागपूरकडून साकोलीमार्गे येतो. इथे हॉस्टेलवर एकाच पेपरची पाने चार खोल्यांत फिरतात. पण छपाई दुसरीकडे हलली की मागे राहिलेल्या छापखान्याचे काय होते? आपण सिव्हिलवाल्यांनी तरी याचा विचार करायला हवा, म्हणून हा लेख.

रोटरी छापखान्यात यंत्र आधी ठरते, भिंती नंतर. खाली कागदाची अवजड रिळे, वर दोन-तीन मजले उंच छपाईची युनिट्स, शेवटी घडी घालणारा फोल्डर. यंत्राचा पाया इमारतीपासून वेगळा ठेवतात, नाहीतर हादरे भिंतींत जातात. खिडक्या जवळपास नाहीतच. अशा इमारतीत फ्लॅट काढा म्हटले तर आर्किटेक्ट डोक्याला हात लावेल. म्हणून बहुतेक ठिकाणी सरळ बुलडोझर!

लंडनच्या कॅनडा वॉटर भागात मात्र वेगळे घडले. ही जागा मुळात सरे डॉक्सची, म्हणजे लाकूड उतरवायच्या गोदीची. 1970 मध्ये गोदी बंद झाली. 1989 मध्ये तिथे हार्म्सवर्थ कीज छापखाना आला. 'डेली मेल', 'इव्हनिंग स्टँडर्ड' तिथेच छापत. 2012 च्या सुमारास छपाई लंडनबाहेर थरॉकला गेली आणि जागा ब्रिटिश लँड कंपनीकडे आली. सगळ्या भागाच्या पुनर्विकासाला वर्षे लागणार होती. तोवर कुलूप लावून ठेवण्याऐवजी 2017 मध्ये इमारत 'प्रिंटवर्क्स' या नावाने संगीताच्या कार्यक्रमांना दिली. आणि गंमत बघा, जे दोष होते तेच कामी आले! खिडक्या नाहीत म्हणून अंधार फुकट. यंत्रांचा आवाज अडवणाऱ्या भिंतींनी गाण्याचाही आवाज अडवला. टनावारी यंत्रांसाठी बांधलेल्या हॉलला हजारो लोकांच्या नाचण्याचे काय? लोखंडी जिने, यंत्रांचे सांगाडे तसेच ठेवले होते.

मँचेस्टरच्या विदी ग्रोव्हचा जुना छापखानाही बरीच वर्षे ओस पडून 2000 मध्ये सिनेमागृहे-रेस्टॉरंटे होऊन उघडला. तिथे दर्शनी भाग जपला, आत बरेचसे नवे. मला हे अर्धेच काम वाटते.

आपल्या भंडारा जिल्ह्यात राइस मिल पुष्कळ. एखादी बंद पडली की पत्रे, ट्रस भंगारात जातात आणि जागेचे प्लॉट पडतात. मधे खांब नसलेला एवढा रुंद शेड गावात दुसरा कुठे असतो? लग्नसराईत मांडवाचे भाडे भरणाऱ्या मुलीच्या बापाला विचारा. अर्थात फुकट काहीच नाही. छापखान्याच्या मातीत शाई, सॉल्व्हंट मुरलेले असू शकते, ती आधी तपासावी लागते. गर्दी जमणार तर आगीच्या वेळी बाहेर पडायचे दरवाजे वाढवावे लागतात. बिनखिडकीच्या हॉलमध्ये हवा खेळती ठेवायचाच खर्च मोठा.

लंडनचे प्रिंटवर्क्स 1 मे 2023 ला बंद झाले. तिथे ऑफिसे करायचा आराखडा आधीच मंजूर होता. पण नंतर ब्रिटिश लँडने तो बदलून तिथे पुन्हा संगीताचाच हॉल ठेवायची योजना मांडली. सहा वर्षांचा 'तात्पुरता' वापर मालकाला पटला म्हणायचा.