अंगणातला झोका आणि कोपराची सूज

नागपंचमी जवळ आली की आपल्या जिल्ह्यात अंगणातल्या कडुनिंबांना दोर लागतात. मलकापूरकडे तर आखाजीपासूनच झोके सुरू होतात. झोका बांधू नका, असे मी सांगणार नाही. लहानपणी मीही चिंचेच्या झोक्यावरून पडलो आहे. पण पडल्यानंतरचे पहिले काही तास कसे वाया जातात, ते सांगितलेच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या एका मुलाला माझ्याकडे आणले. तो झोक्यावरून हातावर पडला होता. कोपर सुजले म्हणून घरच्यांनी संध्याकाळीच हाड बसविणाऱ्याकडे नेले. त्याने हात चोळला आणि कामट्या लावून घट्ट आवळला. पोर रात्रभर रडले. हाड म्हटल्यावर दुखणारच, म्हणून पट्टी कोणी सोडली नाही. पहाटे रडणे थांबले तेव्हा घरच्यांना बरे वाटले. प्रत्यक्षात बोटे बधिर झाली होती! मी पट्टी कापली तेव्हा ती निळसर आणि थंडगार होती. पुढे शस्त्रक्रिया झाली, तरी त्या हाताची बोटे आत वळलेलीच राहिली. शर्टाची गुंडी तो आता डाव्या हाताने लावतो.

याचे कारण असे. दंडाचे हाड कोपराच्या जरा वर पातळ असते आणि पाच ते सात वर्षांच्या मुलांत ते हमखास तिथेच मोडते. अगदी त्याच्या पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. आतून सूज, वरून आवळलेली पट्टी, आणि मध्ये स्नायू उपाशी. साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमन यांनी १८८१ मध्ये घट्ट पट्ट्यांचा हा परिणाम सविस्तर मांडला. आपल्याकडे तो आजही पाहायला मिळतो.

म्हणून हात ओढू नका, चोळू नका, सरळही करू नका. आहे त्याच स्थितीत पुठ्ठ्याचा सैल आधार देऊन ओढणीची झोळी गळ्यात अडकवा आणि जिथे एक्स-रे निघतो तिथे लगेच न्या. वाटेत खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. पट्टी किंवा प्लास्टर बांधल्यावर वेदना वाढत गेली, बोटे सरळ करताना मूल किंचाळले, बोटे गार, पांढरी वा निळी पडली, तर सकाळची वाट पाहू नका. पट्टी असेल तर सोडा, प्लास्टर असेल तर रात्रीच दवाखाना गाठा.

आता झोक्याविषयी. शेवग्याला झोका कधीही नको, लाकूड ठिसूळ. उन्हापावसात वर्षभर लटकलेला नायलॉनचा दोर चांगला दिसला, तरी कमकुवत झालेला असू शकतो. दरवर्षी नवा घ्या. झोक्याखाली फरशी किंवा दगड नको, वीतभर म्हणजे नऊ इंच वाळू हवी. पावसाने ती दबून घट्ट होते, अधूनमधून उकरावी. फांदी दहा फुटांवर असेल तर पुढे आणि मागे वीस-वीस फूट मोकळे हवे. एवढे अंगण आज कोणाकडे आहे? मग खालची फांदी निवडा. झोका घेताना ओढणी आणि गळ्यातला दोरा काढून ठेवा. लोखंडी घसरगुंडी असेल तर मे महिन्यात आधी आपला तळहात टेकवून पाहा.

घरातल्या साडीच्या झोक्याची मला याहून जास्त भीती वाटते. तान्ह्यासाठी बांधलेल्या झोळीत मोठे भावंड मान घालून गिरक्या घेते. साडीला पीळ पडतो, गळा आवळला जातो आणि मुलाला ओरडताही येत नाही. आई शेजारच्या खोलीत पोळ्या लाटत असते. असे दिसले तर आधी मुलाला उचलून धरा, म्हणजे गळ्यावरचा भार जाईल. मगच साडी सोडा किंवा कापा. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबत राहा आणि दुसऱ्या कोणाला १०८ वर फोन करायला सांगा. बाळ झोळीतून उचलले की साडी गुंडाळून आढ्याला वर बांधून टाका, थोरल्याचा हात पोचणार नाही इतकी उंच.