संग्रहाची नोंदवही

जुन्या वस्तू जमविण्याचा छंद अनेकांना असतो. कोणी नाणी जमवितो, कोणी अडकित्ते, कोणी दौती, तर कोणी जुने दिवे. वस्तू मिळविण्यात जो आनंद असतो तो सर्वांनाच ठाऊक आहे; परंतु या छंदाचे दुसरे एक अंग आहे, ते किंचित कंटाळवाणे असल्यामुळे पुष्कळ संग्राहक त्याकडे दुर्लक्ष करितात. ते म्हणजे प्रत्येक वस्तूची रीतसर नोंद ठेवणे आणि आपल्या पश्चात तिचे काय व्हावे, हे वेळीच ठरविणे.

नोंद नसली म्हणजे काय होते, ते पाहा. एखाद्या गृहस्थाने चाळीस वर्षे खपून दोनशे अडकित्ते गोळा केले. कोणता कोणत्या गावचा, कोणी दिला, किती रुपयांस घेतला, हे सारे त्याला तोंडपाठ. त्यामुळे लिहून ठेवण्याची गरज त्याला कधी भासलीच नाही. तो निवर्तल्यावर घरच्या माणसांसमोर उरते ती पितळेची व लोखंडाची एक रास. मुले परगावी, नातवंडांना त्या वस्तूचा उपयोगही ठाऊक नाही. अखेरीस मोडवाला येतो आणि सर्व रास तराजूत घालून घेऊन जातो. यात घरच्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना कोणी काही सांगितलेलेच नसते.

नोंदवही ठेवण्याची रीत अवघड नाही. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या वस्तूला कधीही देऊ नये, पहिली वस्तू हरवली तरी देऊ नये. नंतर पुढीलप्रमाणे लिहावे : ‘क्रमांक ३७. टाचा घासण्याची वजरी. पितळ. वर मोर; मोराचा तुरा मोडलेला. लांबी ९ सेंटिमीटर.’ त्याखाली ती कोठे, केव्हा व कोणाकडून मिळाली ते लिहावे. ज्या गावातून ती आणली तेथे तिला निराळे नाव असेल, तर तेही लिहावे. कारण वस्तू टिकते, पण तिचे नाव बोलणारी माणसे जातात. ऐकीव माहिती असल्यास ‘असे सांगतात’ एवढे दोन शब्द जोडण्यास विसरू नये. पुष्कळ घरांतील साधी तलवार याच दोन शब्दांवाचून पेशव्यांची होऊन बसली आहे!

क्रमांक वस्तूवर घालताना तो दर्शनी भागावर घालू नये, व कोरू तर मुळीच नये. धातूच्या किंवा मातीच्या वस्तूच्या तळाशी स्वच्छ व्हार्निशचा लहानसा पट्टा ओढून, तो वाळल्यावर त्यावर शाईने क्रमांक लिहावा. कापडाला मात्र शाई लावू नये. फितीच्या तुकड्यावर क्रमांक लिहून तो दोन टाक्यांनी शिवावा. चिंच लावून जुनी पितळ लखलखीत करण्याचा मोहही आवरावा, कारण प्रत्येक घासण्याबरोबर नक्षी थोडी झिजते. नोंदवहीची दुसरी प्रत दुसऱ्या घरी असावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले व पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा कित्येक घरांतील कागदपत्रांचा काही तासांत चिखल झाला.

आता पुढील व्यवस्थेचा प्रश्न. हैदराबादचे तिसरे सालारजंग, नवाब मीर युसुफ अली खान, यांनी आयुष्यभर देशोदेशींच्या कलावस्तू जमविल्या. ते अविवाहित होते. १९४९ साली त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या मालमत्तेच्या व्यवस्थेसाठी शासनाला समिती नेमावी लागली. सुदैवाने संग्रह पांगला नाही. १९५१ साली त्यांच्याच वाड्यात संग्रहालय उघडले आणि १९६१ साली संसदेने त्यासाठी कायदा केला. तथापि असे दैव प्रत्येक संग्रहाच्या वाट्याला येत नाही.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी निराळा मार्ग पत्करला. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला. दिवे, वजऱ्या, अडकित्ते, वाद्ये, कोरीव दरवाजे, अशा नित्याच्या वापरातील वस्तू त्यांनी पत्नी कमलाबाई यांच्या साहाय्याने जमविल्या. त्यांचा पुत्र राजा बालपणीच वारला. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी संग्रहालयाला त्याचे नाव दिले आणि आपल्या हयातीतच सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. देणारा स्वतः हजर असल्यामुळे, वस्तूंबरोबर त्यांची माहितीही देता येते, हा या मार्गाचा मोठा लाभ होय.

ज्याला दान करावयाचे नसेल त्याने मृत्युपत्रात क्रमांकानिशी लिहून ठेवावे. एक गोष्ट मात्र ध्यानात असावी. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाहीत. जुन्या मूर्ती, चित्रे व सचित्र हस्तलिखिते यांची सरकारदरबारी नोंदणीही करावी लागते. अशी नोंदलेली वस्तू दुसऱ्याला दिली, तर तेही कळवावे लागते.

केळकर संग्रहालयात आज २०,००० हून अधिक वस्तू आहेत. त्यांपैकी थोड्याच दालनांत मांडलेल्या दिसतात. उरलेल्या भांडारात असतात, आणि अभ्यासकाला त्यांतील एखादी हवी झाली, तर ती प्रथम नोंदवहीतच शोधावी लागते.