लहान मोटारीच्या स्प्रिंगा

आसेगांवच्या परिसरांत वाढलेल्या मुलास बैलगाडींतील प्रवास कसा असतो, हें सांगावयास नको. चाक दगडावर चढलें कीं तो दगड जणूं आपल्याच पाठीखालीं आहे, असें वाटतें. कारण उघड आहे. बैलगाडीची बैठक थेट आंसावर टेकलेली असते. मध्यें लवणारें असें कांहींच नसतें. टांग्याच्या बैठकीखालीं मात्र पोलादी पाट्यांच्या कमानी असत. त्या लवत व धक्क्याचा जोर आपल्या अंगावर घेत. मोटारीचें सस्पेन्शन ही त्याच कल्पनेची पुढली पायरी होय.

आतां पुष्कळ घरीं लहान मोटार आली आहे. ती उसळते, वळणावर झुकते, खालून खडखडते, अशी तक्रारही कानीं येते. आणि लगोलग ‘कडक स्प्रिंगा घाला, गाडी उंच करा’ असे सल्ले मिळतात. असा सल्ला मानण्यापूर्वीं मुळांतील तत्त्व समजून घ्यावें. कारण येथें केलेली चूक केवळ पैशांची नसते. घरच्या माणसांच्या जिवाशीं तिचा संबंध येतो.

स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर

इ. स. १६७८ मध्यें रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें एक नियम प्रसिद्ध केला. स्प्रिंगवरील भार दुप्पट केला, तर ती दुप्पट दबते. परंतु स्प्रिंग धक्का नाहींसा करीत नाहीं; ती तो सांठविते आणि परत देते. म्हणून एकटी स्प्रिंग असेल, तर गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ झोके घेत राहील. हे झोके शांत करण्याचें काम शॉक ॲब्सॉर्बर करतो. आपले कारागीर त्यास ‘शॉकअप’ म्हणतात. त्याच्या नळींत तेल असतें व एक दट्ट्या वरखालीं सरकतो. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेल कष्टानें वाट काढतें, आणि झोक्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें निघून जाते.

विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग घरीं करून पाहावा. एका लांब रबरास दगड बांधून तो खालीं ओढून सोडा. तो बराच वेळ नाचेल. आतां तोच दगड बादलींतील पाण्यांत बुडवून पुन्हां तसेंच करा. तो लवकर स्थिर होईल. रबर म्हणजे स्प्रिंग आणि पाणी म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर.

थोडें गणितही पाहूं. गाडीच्या भारानें स्प्रिंग २० सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदास सुमारें १.१ झोके घेते. ती ५ सेंटिमीटरच दबत असेल, तर सुमारें २.२. म्हणजे स्प्रिंग चौपट कडक केली असतां झोक्यांचा वेग दुप्पट होतो. संथ झोका शरीरास मानवतो. जलद झोका प्रवाशास शिणवितो.

लहान गाडीची अडचण

२००८ सालीं लोकांसमोर आलेल्या टाटांच्या नॅनो मोटारीचें वजन सुमारें ६०० किलो होतें. तींत ६० किलोंचीं चार माणसें बसलीं कीं २४० किलो भार वाढे. म्हणजे मूळ वजनाच्या ४० टक्के. हींच चार माणसें १८०० किलोंच्या मोठ्या गाडींत बसलीं, तर वाढ अवघी १३ टक्के. म्हणून लहान गाडीची स्प्रिंग एकट्या चालकासाठीं मऊ ठेवावी, तर भरल्या गाडीस ती बसते; भरल्या गाडीसाठीं कडक ठेवावी, तर एकटा चालक उसळतो. हा पेंच कोणत्याही कारागिरास पूर्णपणें सुटत नाहीं. त्यास मध्यम मार्गच काढावा लागतो.

मांडणींत मात्र सुधारणा होत गेली. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत तयार झालेली पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून सर्वांच्या परिचयाची होती. २००३ सालीं नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. तिच्या पुढील चाकांना वेटोळ्यांच्या स्प्रिंगा होत्या, पण मागें एकच अखंड आंस व टांग्यासारख्या पाट्यांच्या कमानी होत्या. त्यामुळें मागचें एक चाक खड्ड्यांत गेलें कीं दुसरेंही कलत असे. नॅनोचें प्रत्येक चाक स्वतंत्रपणें वरखालीं होई. एकाची ठेंच दुसऱ्यास लागत नसे.

सुधारणा कशी करावी?

आपल्या भागांतील काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तीवरील रस्त्याचा पाया कच्चा असल्यास रस्ता ओबडधोबड होतो, आणि गाडीचे भाग लवकर झिजतात. म्हणून पुढील क्रम ध्यानांत ठेवावा.

प्रथम टायरमधील हवा पाहावी. ती गाडी थंड असतां, कंपनीनें सांगितल्याइतकीच भरावी. दुसरें, गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडावा. गाडी एकदां वर येऊन थांबली तर ठीक. ती डोलत राहिली किंवा शॉक ॲब्सॉर्बरवर तेल ओघळलेलें दिसलें, तर तो निकामी झाला आहे असें समजावें. तिसरें, रबरी बुश व सांधे तपासावे. खडखडाट बहुधा तेथूनच येतो. चौथें, शॉक ॲब्सॉर्बर व स्प्रिंगा डावीउजवीकडील मिळून जोडीनेंच बदलाव्या आणि नंतर चाकांचें अलाइनमेंट करून घ्यावें. दाबलेली स्प्रिंग सुटल्यास माणसाचा जीव घेऊं शकते. हें काम घरीं कधींही करूं नये.

इतकें केल्यावर बहुतेक गाड्या पूर्ववत् चालूं लागतात. तरीही बदल हवाच असेल, तर स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर एकमेकांस जुळणारे असावे. नुसती स्प्रिंग कडक केल्यास जुना शॉक ॲब्सॉर्बर तिला आवरूं शकत नाहीं. गाडी उंच केल्यास तिचा गुरुत्वमध्य वर जातो व वळणावर ती अधिक कलते. जड चाकें बसविल्यास तीं खड्ड्यांतून लवकर सांवरत नाहींत. शिवाय, गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ यानें मनाई केली आहे.

शेवटीं एक गोष्ट पालकांनीं विसरूं नये. ब्रेक कितीही उत्तम असला, तरी त्याचा जोर चाक जमिनीस टेकलेलें असेल तेव्हांच चालतो. निकामी शॉक ॲब्सॉर्बरमुळें उसळणारें चाक क्षणभर अधांतरीं असतें. आणि नेमका तोच क्षण समोर धांवत आलेल्या मुलाचा असूं शकतो. एवंच, सस्पेन्शन हें प्रवाशाच्या सुखाचें साधन तर खरेंच, पण रस्त्यावरील दुसऱ्याच्या सुरक्षिततेचेंही तें साधन आहे.